उतारू आणि राखणदार

सिंधुदुर्ग जिल्ह्यात काश्मीर किंवा राजस्थानात आढळतात तशी अफाट सरोवरे नाहीत. सह्याद्रीचा कडा आणि समुद्र यांमधली जमीन येथे जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर रुंद असल्यामुळे घाटमाथ्यावरचे पावसाळी पाणी साठून राहण्यापूर्वीच उतारावरून धावत समुद्राला मिळते. मोठ्या, संथ आणि होडीने फिरण्याजोग्या पाण्याचा शोध घ्यायचा तर या मुलखात खाडीकडेच वळावे लागते. नदीच्या ज्या खालच्या भागात भरतीचे खारे पाणी दिवसातून दोनदा आत शिरते आणि ओहोटीला परत फिरते, त्या भागाला खाडी म्हणतात. विजयदुर्गची वाघोटन खाडी, देवगड आणि आचऱ्याच्या खाड्या, गड नदीची कालावल खाडी, देवबागेपाशी समुद्राला मिळणारी कर्ली आणि गोव्याच्या सीमेवरची तेरेखोल अशा पाण्याच्या पट्ट्यांनी या किनाऱ्याचे उभे तुकडे पाडले आहेत. एका तुकड्यावरून दुसऱ्यावर जाण्याची माणसाची रोजची धडपड हाच येथील जलप्रवासाचा खरा इतिहास होय, आणि माणसाबरोबर त्याच्या घरातली जनावरेही आपापल्या परीने त्यात सामील झालेली आहेत.

खाडीतल्या वाहतुकीचा फार जुना लेखी पुरावा या जिल्ह्यातच मिळाला आहे. दक्षिण कोकणच्या शिलाहार घराण्यातील रट्टराजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा ताम्रपट खारेपाटण येथे सापडला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सुवर्ण, म्हणजे त्या काळचे एक सोन्याचे नाणे, धर्मकार्याच्या खर्चासाठी लावून दिल्याची नोंद त्यात आहे. खारेपाटण समुद्रापासून खाडीने सुमारे २५ मैल आत आहे. एवढ्या आतल्या गावी सापडलेल्या लेखात जहाजांवरच्या कराची भाषा यावी, यावरून त्या काळी खाडी म्हणजे मालाने भरलेली गलबते भरतीच्या पाण्यावर आत नेणारा राजमार्ग होता हे दिसते. घाट उतरून आलेला बैलांचा तांडा आणि समुद्रावरून आलेले गलबत यांची गाठ अशाच ठिकाणी पडत असे. पुढे खाड्या गाळाने भरत गेल्या, जहाजे मोठी होत गेली आणि आतली बंदरे ओस पडली, पण हा सगळा उभा व्यवहार चालू असताना आणि संपल्यानंतरही खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाणारा आडवा प्रवास अखंड चालू राहिला. दरबारी कागदांत त्याचा उल्लेख क्वचित येतो, कारण त्यातून सोने मिळत नव्हते. लोकांच्या आयुष्यात मात्र त्याचे स्थान कितीतरी मोठे होते.

या आडव्या प्रवासाला मराठीत ‘तर’ हा नेमका शब्द आहे. तर म्हणजे नदी किंवा खाडी ओलांडण्याची ठरलेली जागा, आणि तेथे चालणारी नावही तरच. ती चालवणारा तो तारी. सिंधुदुर्गात तारी हे आडनाव आजही आढळते, आणि तांडेल, सारंग, खलाशी या नौकेशी जोडलेल्या आडनावांच्या शेजारी ते सहज शोभून दिसते. नावेतून जाणाऱ्याला मराठीत ‘उतारू’ म्हणतात. पुढे आगबोट आणि रेल्वे यांच्या प्रवाशांनाही हाच शब्द लागला, तरी त्याच्या मुळाशी पलीकडे उतरणारा, पार होणारा माणूस आहे. प्रवाशासाठी निघण्यापेक्षा पोहोचण्यावर बेतलेला शब्द भाषेने निवडावा, हे लक्षात घेण्यासारखे आहे. कर्लीच्या काठी नेरूर गावाच्या समोरच्या बाजूला नेरूरपार असे नाव पडलेले दिसते, आणि एका काठावर उभे राहून पलीकडच्या काठाला दिलेले हे नाव तरीच्या काळातील नजर आजही जपून आहे.

गावची तर ही बहुधा गावाच्याच जिवावर चाले. ओळखीच्या घरांकडून दर खेपेला पैसे घेण्याऐवजी सुगीच्या वेळी भात घेण्याची रीत कोकणात होती, आणि परगावच्या उतारूकडून मात्र रोख भाडे घेतले जाई. इंग्रजी अमलात या व्यवस्थेवर कायद्याची मोहोर उमटली. १८६८ च्या मुंबई इलाख्याच्या कायद्याने सरकारला कोणतीही तर ‘सार्वजनिक’ म्हणून जाहीर करण्याचा, तिचा मक्ता देण्याचा आणि भाड्याचे दर ठरवून देण्याचा अधिकार मिळाला. मक्ता म्हणजे ठरावीक रकमेच्या बदल्यात ठरावीक मुदतीसाठी उत्पन्न गोळा करण्याचा हक्क. तरींचे हे उत्पन्न स्थानिक फंडाकडे जात असल्यामुळे खाडीवर वल्हे मारणाऱ्याच्या घामातून रस्त्यांची आणि धर्मशाळांची कामे काही अंशी होत होती, असे म्हणण्यास हरकत नाही. तारी आणि गाव यांच्यातला भाताचा व्यवहार आणि मक्तेदार आणि सरकार यांच्यातला पैशाचा व्यवहार अशा दोन पद्धती त्यामुळे एकाच पाण्यावर नांदू लागल्या, आणि त्या दोहोंच्या ओढाताणीत तारी अनेकदा मालकाचा मजूर झाला.

तरीवर आणि खाडीतल्या मासेमारीत वापरली जाणारी होडी जवळून पाहिल्याशिवाय या प्रवासाचे स्वरूप नीट समजत नाही. जुनी होडी आंब्याचे जाड खोड कोरून बनवीत. पाण्यात तिचे अंग अरुंद असते, म्हणून ती कलंडू नये यासाठी तिच्या एका बाजूला दोन आडवे दांडे बाहेर काढून त्यांच्या टोकांना होडीला समांतर असे एक हलके, तरंगते लाकूड काथ्याने बांधतात. या लाकडाला उलांडी म्हणतात. होडी उलांडीच्या बाजूला झुकली की उलांडी पाण्यावर टेकून तिला सावरते, आणि दुसऱ्या बाजूला झुकली की उलांडीचे वजन तिला मागे ओढते. वजन एकदम उलट बाजूला गेले, तर मात्र उलांडी पाण्यातून उचलली जाते आणि काही क्षण सगळा भार तारीच्या वल्ह्यावर आणि अनुभवावर येतो. म्हणून होडीत बसणाऱ्याने मध्यभागी, खाली आणि निश्चल बसावे, हा या किनाऱ्यावरचा पहिला नियम आहे. लाकूड कुजू नये म्हणून होडीला माशाचे किंवा काजूच्या सालीचे तेल चोळत, आणि पावसाळ्यात ती काठावर ओढून माडाच्या झावळ्यांखाली झाकून ठेवीत. ज्या झाडापासून होडी होते, त्याविषयी मराठी राज्यकर्त्यांनाही आस्था होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारासाठी लाकूड तोडताना रयतेची आंबा-फणसाची झाडे तिच्या इच्छेविरुद्ध तोडू नयेत, कारण ती तिने लेकरांसारखी वाढवलेली असतात, असा आशय आहे. कालावल खाडीच्या एका काठावर सावंतवाडीच्या सावंतांचा भरतगड आणि समोरच्या काठावर याच अमात्य घराण्याचा, म्हणजे बावडेकरांचा, भगवंतगड उभा आहे. दोन सत्ता एकमेकींवर नजर ठेवून बसल्या, तरी त्यांच्या मधल्या पाण्यावरून भात, मीठ, नारळ आणि नवऱ्या मुली यांची ये-जा होतच राहिली असणार.

होडी केव्हा सुटेल, हे घड्याळापेक्षा चंद्रावर ठरत असे. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास भरती-ओहोटीमधला फरक सर्वांत जास्त असतो, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास तो सर्वांत कमी असतो, त्याला भांग म्हणतात. ओहोटीसाठी किनाऱ्यावर ‘सुकती’ हाही शब्द चालतो, आणि पाणी उतरून चिखल उघडा पडलेला पाहिला की तो किती नेमका आहे हे कळते. भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा हिशेब कोकणात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. तिथीचा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. ज्या बाईला मालवणच्या बाजारात मासे किंवा भाजी घेऊन जायचे असे, तिला अक्षरओळख नसली तरी हे गणित येत असे, कारण ते चुकले तर डोक्यावरची पाटी घेऊन गुडघाभर चिखल तुडवण्याची पाळी येई. पावसाळ्यात सह्याद्रीवरून लोंढा येऊ लागला म्हणजे हा हिशेबही कोसळे, आणि दोन काठांमधले संबंध काही दिवस तुटत.

या सगळ्या व्यवहारात घरचा कुत्रा कोठे होता, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो, पण त्याच्या उत्तरातून या जलप्रवासाचा स्वभाव उघड होतो. मालवणीत ज्याला ‘कुत्रो’ आणि शेजारच्या गोव्याच्या कोकणीत ज्याला ‘सुणें’ म्हणतात, तो प्राणी येथील घरात खळ्याचा मानकरी असतो. खळे म्हणजे घरासमोरचे सारवलेले, स्वच्छ अंगण. रात्री तो तेथे झोपतो, दिवसा माडाच्या बागेत माकडांना आणि भाताच्या कोपऱ्यांत रानडुकरांना हुसकावतो, आणि बिबट्याचा वास आला की आधी त्याचाच आवाज फुटतो. कित्येक घरांनी असा कुत्रा बिबट्याच्या तोंडी गमावलेला असतो. तळकोकणात ‘राखणदार’ हा शब्द गावाच्या सीमेचे रक्षण करणाऱ्या अदृश्य शक्तीसाठीही वापरतात, त्याच्या नावाने दरवर्षी राखण दिली जाते, आणि रात्री-अपरात्री गावाभोवती फिरून तो माणसांना सांभाळतो अशी श्रद्धा आहे. घराच्या पातळीवर हेच काम कुत्रा करतो. कुडाळ तालुक्यातील माणगाव हे वासुदेवानंद सरस्वती ऊर्फ टेंबे स्वामींचे १८५४ चे जन्मस्थान असल्यामुळे या भागात दत्तभक्ती खोलवर रुजलेली आहे, आणि दत्ताच्या पायाशी असलेले चार कुत्रे चार वेदांचे रूप मानले जातात. दारातल्या कुत्र्याला भाताचा गोळा घालताना गृहिणीच्या मनात ही तसबीर असू शकते.

कुत्र्याच्या निष्ठेची दखल दक्षिणेने आणि महाराष्ट्राने दगडातही घेतली आहे. कर्नाटकातील आतकूर येथे इसवी सन ९४९-५० च्या सुमाराचा शिलालेख असून रानडुकराशी झुंजताना मेलेल्या ‘काळी’ नावाच्या कुत्र्याचे स्मरण त्यात कोरलेले आहे. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी दाखवतात. मुंबईतील एकसर येथील वीरगळांवर, म्हणजे वीरांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळांवर, वल्ह्यांच्या रांगा असलेल्या युद्धनौका कोरलेल्या आहेत. एका दगडावर कुत्रा, दुसऱ्या दगडावर नौका, आणि दोन्ही आपापल्या जागी गौरवलेले. मालवणच्या किनाऱ्यावरचे प्रत्यक्ष जीवनही बरेचसे असेच होते. कुत्रा जमिनीचा आणि होडी पाण्याची, आणि दोघांची भेट वाळूवर होई.

याचे कारण कुत्र्याच्या अंगी नसून होडीच्या कामात आहे. ज्या प्रदेशांत माणसे नौकेवरच राहत, तेथे कुत्राही नौकेवर चढला. पोर्तुगालच्या किनाऱ्यावर कोळ्यांनी पाण्यात पोहणारी कुरळ्या केसांची कुत्र्यांची जात जोपासली, आणि हे कुत्रे पाण्यात पडलेली जाळी ओढून आणण्यासाठी आणि एका नावेवरून दुसरीवर निरोप नेण्यासाठी उपयोगी पडत. लांबच्या सफरीवरच्या युरोपीय जहाजांवर कुत्रे असणे ही नेहमीची गोष्ट होती. सर टॉमस रो हा इंग्रज वकील जहांगीराच्या दरबारी असताना, म्हणजे १६१५ ते १६१९ या काळात, इंग्लंडमधले धिप्पाड मॅस्टिफ कुत्रे बादशहासाठी नजराणा म्हणून याच पश्चिम समुद्रातून आणले गेले. मालवणची होडी मात्र पहाटे किंवा रात्री निघून मासे घेऊन परत येणारी, नाहीतर पाव-अर्ध्या तासात खाडी ओलांडून मोकळी होणारी. तिच्यावर चूल नव्हती, निजायला जागा नव्हती, आणि एका बाजूला उलांडी असल्यामुळे इकडून तिकडे धावणाऱ्या जनावराला थारा नव्हता. केरळच्या कायलांवर, म्हणजे किनाऱ्यालगतच्या संथ जलाशयांवर, भात वाहणाऱ्या मोठ्या नौकांमध्ये खलाशी दिवसचे दिवस राहत. मालवणच्या खाडीत तसा मुक्काम घडण्याइतके अंतरच नव्हते. पाणी ही ओलांडण्याची गोष्ट होती, त्यावर घर मांडण्याची नव्हे, आणि घर जेथे होते तेथेच राखणदार राहिला.

कुत्रा आणि नौका यांची वाळूवरची भेट पाहायची तर रापणीच्या वेळी पाहावी. रापण म्हणजे होडीने समुद्रात अर्धवर्तुळ घेत टाकलेले आणि दोन्ही टोकांच्या दोरांनी किनाऱ्यावरून ओढले जाणारे लांबलचक जाळे. गाबीत या मच्छीमार समाजातील पुष्कळ घरे मिळून एक रापण संघ करतात, दोरावर बायका-मुलांसकट सारी वाडी हात लावते, आणि जाळे वाळूवर आल्यावर मासळीचे ठरलेल्या रीतीने वाटे पाडतात. होडी, जाळे आणि श्रम यांचे वेगवेगळे वाटे असतात. दोर ओढणाऱ्यांच्या मागे कुत्री पाय पसरून बसलेली असतात आणि जाळ्याचे पोट दिसू लागले की उठून उभी राहतात. वर घारी आणि कावळे घिरट्या घालत असतात. सुरमई-बांगडे वेगळे काढले जातात, न विकली जाणारी बारीक मासळी वाळूवर फेकली जाते, आणि तेथे कुत्र्यांचा वाटा सुरू होतो. हिशेबाच्या वहीत हा वाटा नसतो, पण तो नाकारला गेल्याचेही सहसा दिसत नाही. यांत्रिक मासेमारी वाढल्यावर रापणीला मिळणारी मासळी घटली, तेव्हा माणसांच्या वाट्याबरोबर हाही वाटा आटला.

या सर्वसाधारण चित्राला एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो खाडीतल्या बेटांचा. खाडीच्या पात्रात गाळ साचून तयार झालेल्या, चारी बाजूंनी पाणी असलेल्या जमिनीला या भागात ‘जुवे’ किंवा ‘जुवा’ म्हणतात. गोव्यातील सांतो एस्तेव्ह्यांव बेटालाही स्थानिक लोक जुवेंच म्हणतात, आणि राजापूरच्या खाडीत जुवे नावाचे गाव आहे. मालवण तालुक्यात कालावल खाडीतील पाणखोल जुवा, खोत जुवा आणि मसुरकर जुवा ही अशीच बेटे होत. येथे तर ही बाजारापुरती सोय नसून जगण्याचीच अट असते. शाळा, दवाखाना, दळण, लग्नाचे वऱ्हाड, मतदानयंत्र आणि प्रेत, सर्व होडीतूनच जाते. बैल आणि म्हैस ओलांडायची झाली तर सुकतीच्या वेळी उथळ जागा पाहून त्यांना पाण्यात घालतात आणि दावे हाती धरून होडी बरोबर ठेवतात. शेळी आणि कोंबड्या होडीत बसतात. कुत्र्याला मात्र दोन्ही वाटा मोकळ्या असतात. मालकाने बोलावले तर तो उडी मारून आत येतो आणि तारीच्या पायांशी, होडीच्या तळात, नियमाप्रमाणे मध्यभागी बसतो. बोलावले नाही तर काठावर उभा राहून भुंकतो, आणि होडी थोडी दूर गेली की पाण्यात शिरतो. भांगाच्या दिवसांत असे पोहणे फारसे धोक्याचे नसते, परंतु उधाणाच्या सुकतीला प्रवाह समुद्राकडे ओढत असल्याने तारी वल्हे थांबवून त्याला मानेला धरून वर घेतो. ओला कुत्रा होडीत येऊन अंग झाडतो तेव्हा बसलेल्या बायका पदर सावरतात, तारीला बोल लावतात, आणि होडी पुन्हा चालू लागते. नौकेतल्या कुत्र्याचा इतिहास या किनाऱ्यावर लिहायचा झाला, तर त्याचा आरंभ राजेरजवाड्यांच्या विहारापासून न करता जुव्यावरच्या अशा खेपेपासून करावा लागेल.

खाडीच्या बाहेर, समुद्रावर, परिस्थिती अधिक कठोर होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मुंबई आणि कोकणची बंदरे यांच्यामध्ये आगबोटी धावू लागल्या, आणि विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे गिरणगावातल्या चाकरमान्यांच्या तोंडी बसली. मालवणचे बंदर खडकाळ असल्याने आगबोट दूर पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून, म्हणजे माणसे आणि माल उतरवणाऱ्या मोठ्या होडीतून, किनाऱ्यावर आणीत. लाटेवर पडाव वर आला की त्या क्षणी पाय टाकायचा आणि खाली गेला की थांबायचे, अशा त्या चढ-उताराला म्हातारी माणसे आणि तान्ही मुले सामोरी जात. अशा वेळी गावचा कुत्रा गावी राही, हे सांगण्याची गरज नाही. मुंबईच्या खोलीत त्याला जागा नव्हती, आणि मे महिन्यात चाकरमानी परत आला म्हणजे बंदरावर नसले तरी खळ्यात त्याचे स्वागत ठरलेले असे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ ही आगबोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या दुःखाने कोकणी माणसाच्या मनात पावसाळी समुद्राची धास्ती कायमची घर करून राहिली, आणि पाण्यावरचा प्रवास हौसेचा असू शकतो ही कल्पना येथे उशिरा रुजण्यामागे अशा आठवणींचाही भाग आहे.

गोड्या पाण्याच्या तलावांची गोष्ट थोडी वेगळी आहे. मालवण तालुक्यातील धामापूरचा तलाव १५३० मध्ये विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी धामापूर आणि काळसे या गावांच्या लोकांच्या मदतीने बांधला असे सांगितले जाते. दोन डोंगरांमधली खिंड मातीच्या बांधाने अडवून तो साकारला, बांधाशेजारी भगवती देवीचे मंदिर आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगाने जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून त्याची निवड केली. हा तलाव शेतीसाठी होता. पुढे मालवण शहराला पिण्याचे पाणीही त्यातूनच मिळू लागले. त्याच्या काठावरची झाडी पाण्यात उतरलेली दिसते आणि होडीतून फिरताना पाणी इतके शांत असते की वल्ह्याचा थेंब पडल्याचा आवाज येतो. परंतु हे पाणी पाटाचे आणि माठाचे आहे, ही जाणीव ठेवूनच तेथे विहार करणे योग्य, आणि घरच्या कुत्र्याला त्यात पोहायला सोडण्याचा मोह आवरणे हा त्याच जाणिवेचा भाग ठरतो. सावंतवाडीच्या राजवाड्यासमोरचा मोती तलाव मात्र शहराच्या शोभेचा आहे. त्याच्या काठावर संध्याकाळी माणसे कुत्र्यांना फिरवतात आणि पाण्यावर नौकाविहार चालतो, तेव्हा काठ आणि पाणी यांच्यातली जुनी विभागणी तेथे विरघळत असल्यासारखी वाटते.

ही विभागणी खऱ्या अर्थाने मोडली ती पूल आणि पर्यटन यांच्यामुळे. स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाल्यावर, खाड्यांवर एकामागून एक पूल झाले आणि तरींच्या फेऱ्या बंद पडल्या. ज्या काठावर पूर्वी उतारूंची गर्दी असे तेथे गवत वाढले आणि तारीची मुले मुंबईला किंवा मच्छीमारी बोटींवर गेली. पूल झाल्याने बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेता येऊ लागले, म्हणून तरीसाठी हळहळताना ही बाजू विसरता कामा नये. १९९७ मध्ये सिंधुदुर्गला पर्यटन जिल्हा म्हणून घोषित करण्यात आले, आणि लवकरच तारकर्ली-देवबाग येथे तीच खाडी ओलांडण्याऐवजी हिंडण्यासाठी वापरली जाऊ लागली. आंब्याच्या खोडाची होडी जाऊन तिच्या जागी फायबरची रुंद, इंजिन बसवलेली बोट आली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने कर्लीच्या पाण्यात केरळच्या धर्तीवर हाउसबोटी आणल्या. देवबागेहून निघून संगमाकडे, लोक ज्याला त्सुनामी बेट म्हणतात त्या वाळूच्या पट्ट्याकडे आणि पुढे भोगवे-निवतीच्या किनाऱ्याकडे जाणाऱ्या फेऱ्या नित्याच्या झाल्या. हाउसबोटींवर चूल आणि बिछाना आला आणि पुण्या-मुंबईची कुटुंबे आपला लॅब्रेडॉर किंवा पामेरियन बरोबर घेऊन येऊ लागली. नौका मुक्कामाची झाली तेव्हाच कुत्राही तिच्यावर मुक्कामाला आला, आणि या किनाऱ्यावर त्यासाठी एकविसाव्या शतकाची वाट पाहावी लागली.

या नव्या प्रवाशाबरोबर नवे प्रश्नही आले, आणि त्यांची उत्तरे जुन्या तारीच्या शहाणपणात पुष्कळ अंशी सापडतात. बोटींची नोंदणी, प्रवाशांची मर्यादा आणि जीवरक्षक जाकिटे यांविषयीचे नियम महाराष्ट्र सागरी मंडळ आणि २०२१ चा अंतर्देशीय जलयानांचा केंद्रीय कायदा यांच्या चौकटीत येतात. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोन जणांचा मृत्यू झाला, तेव्हा या नियमांचे मोल सर्वांना कळले. वजन मध्यभागी ठेवावे, जनावराला खाली बसवावे, त्याची साखळी बोटीच्या कठड्याला बांधून ठेवू नये कारण बोट कलंडली तर तेच त्याचा फास ठरते, आणि सुकतीच्या जोरात त्याला संगमावर पाण्यात सोडू नये, या गोष्टी कोणत्याही जुन्या नावाड्याला शिकवाव्या लागत नाहीत. तेरेखोल नदीत बांद्याच्या परिसरात मगरी आहेत. तेथे कुत्र्याला काठावर पाणी प्यायला सोडणे म्हणजे त्याला गमावण्याची तयारी ठेवणे होय.

सर्वांत नाजूक प्रश्न मात्र बोट ज्या वाळूवर थांबते तिथला आहे. थंडीच्या दिवसांत ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे या किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी येतात. वेंगुर्ल्यातील वायंगणी आणि देवगडमधील तांबळडेग ही त्यांची ओळखीची ठिकाणे आहेत, आणि गावकरी रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधून ती कुंपणात सुरक्षित ठेवतात. वाळूखाली पुरलेल्या अंड्यांचा वास घेण्यात कोल्ह्याप्रमाणे कुत्राही तरबेज असतो. जो प्राणी घराच्या खळ्यात राखणदार असतो, तोच मोकळ्या किनाऱ्यावर दुसऱ्याच्या घराची नासधूस करू शकतो, आणि यात त्याचा दोष नसून त्याला तेथे मोकळे सोडणाऱ्याचा आहे. खाडीच्या तोंडाशी वाळूच्या पट्ट्यांवर बसणारे कुरव आणि सुरय पक्षीही कुत्रा धावत आला की एकदम उडतात, आणि वारंवार असे झाले तर जागा सोडून जातात. त्सुनामी बेटासारख्या ठिकाणी बोट लावताना कुत्र्याच्या गळ्यात दोरी असावी, एवढा संकेत बोटवाल्यांनी आणि पाहुण्यांनी मिळून पाळला तर पुष्कळ साधेल.

पाणखोलसारख्या जुव्यांवर मात्र या नव्या चर्चा पोहोचण्याआधीची रीत अजून चालू आहे. संध्याकाळी बाजाराची होडी परत येताना दिसली की बेटाच्या काठावरची कुत्री आपल्या माणसांना ओळखून भुंकू लागतात. होडी चिखलाला लागण्याआधीच एखादा पुढे येऊन तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, पंजे ठेवतो, तारी वल्ह्याने त्याला बाजूला सारतो, बाया पाट्या डोक्यावर घेऊन उतरतात, आणि कुत्रा त्यांच्या पुढे पुढे बांधावरून घराकडे चालू लागतो.